एक गरजू हवा आहे

डॉक्टरीणबाई दातांच्या. हात हलका, बोलणं मोजकं, दवाखान्यात बऱ्यापैकी गर्दी. आणि चर्चमध्ये त्या सेवा विभागाच्या प्रमुख. हे पद त्यांच्याकडे कसं आलं त्याची गोष्ट लहानशीच आहे. विभाग वाटायच्या दिवशी त्यांना पोहोचायला उशीर झाला. त्या आल्या तेव्हा संगीत, इमारत, तरुण संघ, फुलं, अगदी कॉफीसुद्धा कुणी ना कुणी उचलली होती. उरला होता सेवा विभाग. नवऱ्याने कानाशी लागून सांगितलं, घेऊन टाक, त्यात काही काम नसतं. नवऱ्याचे अंदाज एरवी हटकून चुकायचे, पण हा मात्र वर्षानुवर्षं खरा ठरत गेला.

बाकी चर्चचं सगळं झोकात चाललं होतं. अंधाऱ्या खांबांची जुनी इमारत जाऊन नवं सभागृह उभं राहिलं होतं. काचेच्या भिंती, भिंतभर पडदा, मऊ खुर्च्या, तीन तऱ्हेची कॉफी करणारं यंत्र, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोतिया रंगाचा गालिचा. गालिच्याची काळजी खजिनदार जातीने घेत. बाहेर चिखल असला की ते दारात उभे राहून सगळ्यांचं हसून स्वागत करायचे, पण नजर चेहऱ्यावर नसायची, बुटांवर असायची.

पाळकसाहेब तरुण, उमदे आणि बोलायला गोड. वार्षिक अहवालात सेवा विभागाबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: सेवा विभागाचं कार्य शांतपणे चालू आहे. त्यातला ‘शांतपणे’ हा शब्द त्यांनी फार विचार करून निवडला होता.

असं सगळं सुरळीत चालू असताना बिशपांच्या कचेरीतून निरोप आला की प्रत्येक चर्चने आपल्या सेवाकार्याची एक छोटी फिल्म पाठवावी, त्यातल्या निवडक वार्षिक मेळाव्यात दाखवल्या जातील. पाळकसाहेबांनी समितीच्या बैठकीत तो निरोप वाचला आणि सगळ्यांच्या माना एकदम डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. दातखीळ बसणं हे त्यांनी आजवर दुसऱ्यांच्या तोंडात पाहिलं होतं. त्या संध्याकाळी ते स्वतःच्या तोंडात अनुभवलं.

शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की विभागाने एकदा ब्लँकेटं गोळा केली होती. मग ती कुणाला दिली, असं खजिनदारांनी विचारलं. ती अजून जिन्याखालच्या कपाटात होती. मग पाळकसाहेब म्हणाले की झालं ते झालं, आता निदान एक तरी गरजू हवा. तो प्यायलेला नसावा. फार टापटीप नसावा, पण बघवेल असा असावा. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम, तोंडात शिव्या नकोत. आणि तो गुरुवारी दुपारी मोकळा असावा, कारण लग्नांचे फोटो काढणारा आपला फोटोग्राफर त्याच वेळी फुकटात मिळणार होता.

डॉक्टरीणबाई कामाला लागल्या. दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर एक बाई रोज गाठोडी घेऊन बसलेली असायची. बाईंनी तिच्याशेजारी बसून हळूच विषय काढला. गाठोडी धुलाईच्या दुकानातली निघाली, बाई त्या दुकानाची मालकीण निघाली, आणि तिने उलट बाईंनाच विचारलं की तुमचा चेहरा असा ओढलेला का, घरी सगळं ठीक आहे ना. वर स्वतःच्या डब्यातलं अर्धं सफरचंदही दिलं. बाईंनी ते खाल्लं, कारण दुपारचं जेवण राहिलंच होतं.

मग त्या टायरच्या दुकानावरच्या माडीवर गेल्या. तिथे दुसऱ्या एका गरीब चर्चची छोटी मंडळी भरायची. छप्पर गळकं, बाकं मोडकी, पण रोज संध्याकाळी कुणाकुणाला गरम जेवण मिळायचं. जेवण वाढणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना डॉक्टरीणबाईंनी सगळं प्रांजळपणे सांगितलं आणि एका दुपारपुरता एखादा माणूस मिळेल का, असं विचारलं. नर्सबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“आम्ही माणसं भाड्याने देत नाही,” त्या म्हणाल्या. “जेवायचं असेल तर बसा.”

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्यापुढे डोकं धरलं. अख्ख्या शहरात एक धड गरजू मिळू नये म्हणजे काय! नवरा टीव्हीवरचा सामना बघत होता. मान न वळवता तो म्हणाला, की आमच्या काकांना घे. म्हातारे आहेत, एकटे आहेत, एका खोलीत राहतात, आणि जन्मभर नाटक कंपनीत होते. आणखी काय पाहिजे?

तो थट्टा करत होता. पण बुडत्याला काडीचा आधार. बाईंनी ती काडी घट्ट धरली.

काका म्हणजे नवऱ्याचे सख्खे काका. नाटक कंपनीत होते हे खरं, पण रंगमंचावर कधीच नव्हते. ते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून विसरणाऱ्या नटांना शब्द पुरवायचे. हजारो प्रयोगांतले राजे, खुनी, प्रेमवीर त्यांच्या जिभेवर होते, आणि एकाही टाळीवर त्यांचा हक्क नव्हता. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. डॉक्टरीणबाई याआधी तिथे गेल्या होत्या तेव्हा काकूंची तसबीर भिंतीवर लागायची होती. आता ती लागून तिच्याखालचा भिंतीचा रंगही उडाला होता.

दार उघडंच होतं. काका चहात पाव बुडवून खात होते आणि रेडिओवरची निवेदिका जरा अडखळली की पुढचा शब्द तिला सांगत होते. सूनबाईला बघून ते इतके गडबडले की पाव चहात पडला.

बाईंनी काम सांगितलं. काकांचे डोळे चमकले. भूमिका, तीही एकट्याची!

“संवाद आहेत का?”

“नाहीत. तुम्ही फक्त खरं ते सांगायचं.”

“मग अवघड आहे,” काका म्हणाले. “पाठ केलेलं सोपं असतं.”

खोटं काही बोलायचं नाही, हे बाईंनी स्वतःच्या मनाशी पक्कं केलं होतं. त्या दातांचं काम करायच्या तसंच हेही त्यांना स्वच्छ हवं होतं. तेव्हा असं ठरलं, की नात्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही, आणि कुणी विचारलाच तर नाकारायचा नाही. पाळकसाहेबांना त्यांनी कळवलं: वृद्ध गृहस्थ, पत्नी वारलेली, एकटे राहतात, कुणाचं येणं-जाणं नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यामुळे जिना उतरताना बाईंना अगदी हलकं वाटत होतं. खरं तर याच वाक्यावर त्यांना ठेच लागायला हवी होती, पण त्या घाईत होत्या.

गुरुवारी पाळकसाहेब सुपाचं भांडं घेऊन जिना चढले. फोटोग्राफर आधीच खोलीत शिरून खिडकीपाशी बसला होता. काकांनी दाढी वाढवली होती आणि कंपनीतून आणलेला, कधीकाळी कुठल्याशा भिकाऱ्याच्या भूमिकेत वापरलेला कोट चढवला होता. पाळकसाहेब दारात आले, हसले, आणि म्हणायचं वाक्य विसरले.

“‘कसे आहात, आजोबा?’” काकांनी ओठ न हलवता पुरवलं.

“कसे आहात, आजोबा?” पाळकसाहेब म्हणाले.

पण फोटोग्राफरला उजेड पसंत नव्हता. पाळकसाहेब पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. मग भांड्याची चकाकी आड आली. मग खाली किल्ली घासायचं यंत्र सुरू झालं. दर खेपेला पाळकसाहेब धापा टाकत दारात यायचे आणि कसे आहात म्हणून विचारायचे. दर खेपेला काका ठरल्याप्रमाणे, बरा आहे, देवाची कृपा, असं म्हणायचे. आणि मग कितव्या तरी खेपेला, पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा, काका काहीच बोलले नाहीत. बघत राहिले. मग म्हणाले, “बरा नाही हो.”

डॉक्टरीणबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांना वाटलं, काका संहिता सोडून चालले. पण काकांचा आवाज नेहमीचा विंगेतला कुजबुजता आवाज नव्हता. ते सांगत होते, की संध्याकाळ फार लांब असते. बायको गेली तेव्हा चर्च भरून लोक आले होते, फुलं होती, गाणी होती, आणि त्यानंतर हा जिना कुणी चढलं नाही. कुठल्या चर्चमध्ये, असं पाळकसाहेबांनी विचारलं, बहुधा त्या चर्चची कीव करायच्या तयारीने.

“तुमच्याच,” काका म्हणाले. “तुमच्या आधीचे पाळक होते. मी खांबामागे बसायचो. आता तिथे खांब नाहीत असं ऐकतो.”

पाळकसाहेब सुपाचं भांडं हातात धरून उभेच राहिले. फोटोग्राफरने कॅमेरा बंद केला नाही. आजवर शेकडो लग्नं त्याने टिपली होती, पण खरोखर काही घडताना तो पहिल्यांदाच बघत होता.

त्या रविवारी उपासनेनंतर फिल्म भिंतभर पडद्यावर दाखवली गेली. काकांचा चेहरा दोन माणसांएवढा उंच दिसत होता. आणि मग जे झालं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. इतकी वर्षं या लोकांना कॉफी मिळाली होती, खुर्ची मिळाली होती, गाण्याचे शब्द पडद्यावर मिळाले होते. करायला मात्र कुणी काही दिलं नव्हतं. सोमवारी सकाळी किल्लीवाल्याच्या दुकानासमोर सुपाची पाच भांडी उभी होती. मंगळवारी मफलर आले. कुणी काठी आणली, तेव्हा काकांना त्या माणसाचं मन मोडवेना म्हणून ते दिवसभर थोडे लंगडत चालले. न्हावी येऊन दाढी करून गेला, त्यामुळे नंतर आलेल्यांची निराशा झाली. खजिनदारांनी पायपुसणं दिलं. बेकरीवाल्या बाई मऊ, बिनकडेचे पाव घेऊन आल्या, आणि काकांनी मनापासून खाल्लं असेल तर तेवढंच.

डॉक्टरीणबाईंचं धाबं दणाणलं. त्या रोज काकांकडे जाऊ लागल्या. आधी भांडं फुटू नये म्हणून, मग भांडी परत करायला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण उगाचच बसलो आहोत आणि काका आपल्याला सांगताहेत की अमका नट मरायच्या प्रवेशात कसा विसरला आणि प्रॉम्प्ट ऐकू न आल्याने पाच मिनिटं कसा मरतच राहिला. बाई पोटभर हसल्या. शेवटचं असं कधी हसलो होतो, ते त्यांना आठवेना.

काकांना मात्र एवढं सूप संपेना. त्यांनी ते वाटायला सुरुवात केली. किल्लीवाल्याला दिलं, त्याच्या आजारी बहिणीला दिलं, गल्लीच्या तोंडाशी रात्रपाळी करून थिजलेल्या पहारेकऱ्यांना दिलं. कुणी विचारलं की हे कुठून येतं, तर ते चर्चचा पत्ता सांगायचे. चांगली माणसं आहेत, म्हणायचे, फक्त लाजाळू आहेत, तुम्हीच जा. गुरुवारी जा, दार उघडं असतं.

गुरुवारी गायकवृंदाचा सराव असे, म्हणून दार उघडं असे. आणि खरंच लोक आले. पहारेकरी आले, किल्लीवाल्याची बहीण आली, दोन लेकरं घेऊन घरातून निघून आलेली एक बाई आली. त्यांनी कॉफी घेतली, मऊ खुर्च्यांवर बसले, सराव ऐकला, आणि एक पहारेकरी तर इतक्या सुरात गायला की तिसऱ्या ओळीतल्या मंडळींनी सरकून त्याला जागा दिली. मोतिया गालिच्यावर मात्र दारापासून कॉफीच्या यंत्रापर्यंत चिखलाची स्पष्ट पायवाट उमटली.

खजिनदार तडक काकांच्या खोलीवर गेले. आता पुरे, हे समजावून सांगायचं त्यांच्या मनात होतं. समजावता समजावता त्यांची नजर काकूंच्या तसबिरीशेजारच्या फोटोवर गेली. लग्नाचा फोटो. मधोमध नवरा-नवरी, बाजूला काका-काकू. आणि नवरी म्हणजे, पंधरा-वीस किलो वजा केले तर, हुबेहूब सेवा विभागाच्या प्रमुख.

त्याच संध्याकाळी तातडीची बैठक बसली. काकांनाही बोलावलं होतं. ते कोट न घालता, स्वच्छ शर्टात आले, आणि डॉक्टरीणबाईंना वाटलं की आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण खाली गालिचा होता, तो दुभंगणाऱ्यातला नव्हता.

खजिनदारांनी मुद्दा नेटका मांडला. ही मंडळीची फसवणूक आहे. प्रमुखबाईंनी घरातलाच माणूस गरजू म्हणून उभा केला. तेव्हा हे गृहस्थ गरजू आहेत की नाहीत, याचा आधी निकाल लावावा. मग समितीने खरोखरच तो निकाल लावायचा प्रयत्न केला. एकजण म्हणाले, त्यांना राहायला खोली आहे. दुसरे म्हणाले, पण कुणी बोलायला नाही. त्यावर तिसऱ्याने शंका काढली की बोलायला कुणी नसणं गरजेत धरलं तर आपल्यातल्या किती जणांना सूप द्यावं लागेल. ही शंका बरोबर असावी, कारण तिच्यावर कुणी हसलं नाही.

तेव्हा कोपऱ्यातून बेकरीवाल्या बाई बोलल्या. आपण यांना पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, म्हणाल्या. जुन्या चर्चमध्ये खांबामागून एकजण प्रत्येक गाण्याची ओळ सगळ्यांच्या अर्धी ओळ आधी म्हणायचा, ते हेच. मग आधी का नाही सांगितलं, असं खजिनदारांनी तावातावाने विचारलं.

“कारण मलाही लाज वाटली,” त्या म्हणाल्या. “खांबामागचा आवाज बंद झाला हे मला तेव्हाच कळलं होतं. मी चौकशी केली नाही.”

पाळकसाहेबांनी आपली खुर्ची काकांकडे वळवली. मग त्यांनी काकांना विचारलं, की बाकी राहू दे, तुम्हाला स्वतःला काय हवंय ते सांगा. या वेळी प्रश्न कॅमेऱ्यासाठी नव्हता, आणि त्यांना वाक्य पुरवावं लागलं नाही.

काकांनी क्षणभर विचार केला. मग सगळ्यांसमोर आ वासून उजव्या बाजूला बोट दाखवलं.

“ही दाढ,” ते म्हणाले. “बायको गेली त्या वर्षापासून दुखते. हिच्यापायी पाव चहात बुडवून खातो. सूनबाई रोज येते हल्ली, पण तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत होत नाही. तिला वाईट वाटेल.”

आधी खोकला आल्यासारखा आवाज झाला, मग तो हसण्याचा आहे हे कळलं, आणि मग खजिनदार सोडून सगळी समिती हसत सुटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणीतरी पुटपुटलं. डॉक्टरीणबाई हसता हसता रडत होत्या, की उलटं, ते त्यांनाच ठरवता येईना. त्यांनी उभं राहून राजीनामा दिला. पाळकसाहेब म्हणाले, तो घेता येणार नाही. आजवर आपल्या सेवा विभागात कधी नव्हे ते काम सुरू झालंय. आणि फसवणुकीचंच म्हणाल तर, आपण इतकी वर्षं ‘शांतपणे’ हा शब्द लिहीत आलो, त्याचाही राजीनामा मग कुणीतरी मागावा.

मतदान झालं. गुरुवारचं दार उघडं ठेवायचं ठरलं, एका मताच्या फरकाने. गालिच्याच्या बाबतीत खजिनदारांनी हार मानली नाही. जिन्याखालच्या कपाटातली ब्लँकेटं त्यांनी दारापासून यंत्रापर्यंत अंथरली. पुढच्याच गुरुवारी त्या लेकरांच्या आईने त्यातली दोन उचलून झटकली आणि घेऊन गेली. खजिनदारांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तिसरं स्वतःच घडी घालून तिच्या हातात दिलं.

फिल्म पाळकसाहेबांनी जशीच्या तशी पाठवली, ‘तुमच्याच’ या शब्दासकट. ती निवडली गेली नाही. कचेरीने कळवलं की प्रयत्न स्तुत्य आहे, मात्र फिल्म लांबली आहे आणि शेवट थोडा उत्साहवर्धक असता तर बरं झालं असतं.

शनिवारी दवाखाना बंद ठेवून डॉक्टरीणबाईंनी काकांना खुर्चीत बसवलं. दिवा डोक्यावर ओढला, तोंडात कापूस भरला, सुई दिली. दाढेची अवस्था बघून त्यांनी आरसा पुन्हा एकदा आत फिरवला. इतकं दुखणं घेऊन हा माणूस रेडिओशी बोलत बसला होता. मग त्या काम करता करता बोलू लागल्या. न येण्याची कारणं होती, सांगण्यासारखी एकही नव्हती. दवाखाना, मुलांच्या परीक्षा, रस्त्यावरची रहदारी, असं त्या सांगत गेल्या आणि प्रत्येक कारण तोंडातून बाहेर पडल्यावर किडलेलं दिसत गेलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की चुकलं माझं, काका. जन्मभर लोकांना शब्द पुरवणारा माणूस तोंडात नळी, कापूस आणि आरसा घेऊन छताकडे बघत पडला होता. त्याला हुंकारसुद्धा देता येत नव्हता. त्याने नुसता हात उचलून त्यांच्या कोपरावर थोपटलं.

दाढ निघाली. काकांनी चूळ भरली, बधिर गालाला हात लावून बघितला, आणि जरा वेळाने, अर्ध्या तोंडाने म्हणाले, “डाव्या बाजूची पण एक दुखते. ती पुढच्या शनिवारी काढ. दोन्ही एकदम काढल्या तर तू यायची बंद होशील.”